संशोधनाचे दोन कोटी नक्की मिळतात कुणाला?

जिल्ह्याच्या पुरवणीत अधूनमधून एक बातमी असते: 'अमुक मेडिकल कॉलेजच्या प्राध्यापकांना दोन कोटींचं संशोधन अनुदान.' सोबत डीनसाहेबांच्या हातून पुष्पगुच्छ घेतानाचा फोटो. आमच्या कॉलेजातल्या एका मॅडमची अशी बातमी छापून आली, तेव्हा वॉर्डातल्या मावशींनी त्यांना विचारलं, "मॅडम, आता नोकरी सोडणार का हो?" त्या प्रश्नात चुकीचं काही नव्हतं. एका माणसाच्या नावापुढे दोन कोटी लिहिलेले आपण पाहतो ते लॉटरीच्या जाहिरातीत नाहीतर घोटाळ्याच्या बातमीत. तिसरा अर्थ आपल्याला कुणी सांगितलेलाच नसतो.

मी मेडिकल कॉलेजच्या संशोधन कक्षात काम करते. प्रस्ताव तपासणं, बजेट बसवणं, हिशेबाची प्रमाणपत्रं वेळेत पाठवणं हे माझं रोजचं काम. तो तिसरा अर्थ मला रोज फायलीत दिसतो, म्हणून हे लिहावंसं वाटलं.

## बक्षीस नव्हे, कर्जही नव्हे

अनुदान म्हणजे एका ठरलेल्या प्रश्नाचं उत्तर शोधण्यासाठी दिलेले पैसे. ते फेडायचे नसतात, म्हणून कर्ज नव्हे. झालेल्या कामाबद्दल मिळत नाहीत, म्हणून बक्षीस नव्हे. आणि ते माणसाच्या नव्हे, संस्थेच्या हिशेबात येतात. ज्यांच्या नावावर प्रकल्प असतो त्यांना सगळे 'पीआय' म्हणतात, म्हणजे प्रमुख संशोधक. पीआयला कॉलेजचा पगार चालूच असतो, अनुदानातून वेगळा पगार घेता येत नाही. मावशींच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच होतं: मॅडमच्या घरी त्या दोन कोटींतला एक रुपयाही जाणार नव्हता. वाढलं होतं ते काम.

वैद्यकीय संशोधनाला पैसे देणारी देशातली सर्वांत जुनी सरकारी संस्था म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद, आयसीएमआर. करोनाच्या काळात हे नाव घराघरात पोचलं, पण तिची सुरुवात 1911 सालची. तेव्हा नाव होतं 'इंडियन रिसर्च फंड असोसिएशन', नावातच फंड. तिच्या नियामक मंडळाची पहिली बैठक 15 नोव्हेंबर 1911 ला मुंबईत, प्लेगच्या प्रयोगशाळेत झाली. परळची ती प्रयोगशाळा आज आपण हाफकिन म्हणून ओळखतो. स्वातंत्र्यानंतर, 1949 मध्ये, आताचं नाव आलं.

आयसीएमआर पैसे दोन वाटांनी खर्च करते. पुण्याची विषाणूंचा अभ्यास करणारी एनआयव्ही किंवा परळची प्रजनन आरोग्याची संस्था अशा तिच्या स्वतःच्या दोन डझनांहून जास्त संस्था आहेत, त्यांचं काम ही पहिली वाट. दुसरी वाट म्हणजे बाहेरची मेडिकल कॉलेजं, विद्यापीठं आणि सेवाभावी संस्थांना दिलेलं अनुदान. सरकारी कागदावर त्याला 'एक्स्ट्राम्युरल' म्हणतात. शेतकऱ्याने थोडं रान स्वतः कसावं आणि थोडं वाट्याने द्यावं, तसं हे. बी-खताचा खर्च एकाचा, राबणारा दुसरा. फरक एवढाच की इथलं पीक दोघांपैकी कुणाच्याच कणगीत जात नाही. जे कळेल ते सगळ्यांना कळावं, ही त्यामागची अट असते. बातमीतले दोन कोटी या दुसऱ्या वाटेचे.

## कंपन्या करतात ना संशोधन? मग सरकारने कशाला?

हा आक्षेप मला सर्वांत जास्त ऐकायला मिळतो, म्हणून त्याचं उत्तर एका खऱ्या अभ्यासातूनच देते.

क्षयरोग्याच्या घरातल्या माणसांना क्षय होण्याची भीती जास्त. ती माणसं कुपोषित असतील तर भीती आणखी वाढते, हे डॉक्टरांना जुनंच ठाऊक. पण त्यांना नीट खायला घातलं तर आजार किती टळतो, हे कुणी मोठ्या प्रमाणावर पद्धतशीर तपासलेलं नव्हतं. 2019 ते 2022 या काळात झारखंडच्या चार जिल्ह्यांत ते तपासलं गेलं. पैसे आयसीएमआरच्या क्षयरोग संशोधन गटाकडून आले. डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि त्यांचे सहकारी यांच्या या अभ्यासाचं नाव 'रेशन्स'. 2,800 रुग्ण आणि त्यांच्या घरातली 10,345 माणसं त्यात होती.

रुग्णांना सगळ्यांनाच महिन्याला दहा किलोची शिधा-पिशवी मिळत होती. घरातल्या इतरांसाठी मात्र दोन गट केले. एका गटातल्या मोठ्या माणसाला महिन्याला पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या. दुसऱ्या गटात नेहमीचंच जेवण. शिधा मिळालेल्या 5,621 माणसांपैकी 96 जणांना क्षय झाला, न मिळालेल्या 4,724 पैकी 122 जणांना. शेकड्यात मांडलं तर 1.7 आणि 2.6. दोन्ही गटांतले इतर फरक हिशेबात धरल्यावर संशोधकांनी सांगितलं की शिध्यामुळे क्षय होण्याचं प्रमाण सुमारे 39 टक्क्यांनी घटलं. निकाल 2023 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला.

आता सांगा, हा अभ्यास कुठली औषध कंपनी करेल? तांदूळ आणि डाळीचं पेटंट कुणाकडेच नाही. गोळी विकून जो खर्च वसूल होतो, तो डाळ वाटून होणार नाही. कंपनी वाईट आहे म्हणून ती हा प्रश्न विचारत नाही असं नव्हे. तिला तो परवडतच नाही. पण उत्तराची गरज देशाला असते. साप चावला, विंचू चावला, ऊसतोडणीच्या हंगामात किडनी खराब झाली, बाळ कमी वजनाचं जन्माला आलं: यातल्या बऱ्याच प्रश्नांचा गिऱ्हाईक गरीब आहे, म्हणून तिथे बाजार नाही. सरकारी अनुदानाचा पहिला हक्क अशाच प्रश्नांचा, असं माझं ठाम मत आहे.

आपण त्यावर फार खर्च करतो असंही नाही. आरोग्यच नव्हे, तर अवकाशापासून शेतीपर्यंतचं, सरकारी आणि खासगी सगळं संशोधन धरलं, तरी देशाच्या उत्पन्नातल्या शंभर रुपयांमागे साधारण 64 पैसे होतात.

## एका प्रश्नाला एवढे पैसे का लागतात?

शितावरून भाताची परीक्षा, असं आपण म्हणतो. भाताच्या बाबतीत ते खरं असतं, कारण पातेल्यातली सगळी शितं एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजलेली असतात. माणसं तशी नसतात. कुणाला मधुमेह, कुणी बिडी ओढणारा, कुणाचं घर कोंदट, कुणाची आई आधीच क्षयाने गेलेली.

वरचेच आकडे घ्या. दोन्ही गटांत शंभर-शंभर माणसंच घेतली असती, तर एकीकडे दोघं आजारी पडली असती आणि दुसरीकडे तीन. एवढा फरक योगायोगानेही पडतो, त्यावरून धोरण ठरवता येत नाही. दहा हजार माणसं घेतली तेव्हा कुठे खात्रीने बोलता आलं. किती माणसं घ्यायची हा आकडा संशोधकाच्या मनाने ठरत नाही, संख्याशास्त्रज्ञ तो आधीच काढून देतो. खर्च वाढतो तो त्या आकड्याने.

कुणाला शिधा द्यायचा आणि कुणाला नाही, हेही संशोधकाने मनाने ठरवून चालत नाही. ज्यांची दया येते त्यांनाच तो दिला जाईल, आणि मग तुलनाच उरणार नाही. म्हणून चिठ्ठ्या टाकतात. झारखंडमध्ये घराघरांतून चिठ्ठ्या टाकणं शक्य नव्हतं. एका घरात डाळ आणि शेजारच्या घरात नाही, हे गावात टिकलंच नसतं. म्हणून चिठ्ठ्या 28 क्षयरोग केंद्रांच्या पातळीवर टाकल्या गेल्या. संपूर्ण केंद्र एका गटात किंवा दुसऱ्या.

## साठ लाखांची फोड

माझ्या टेबलावर येणारं बजेट कसं दिसतं ते दाखवते. उदाहरण मी रचलेलं आहे, पण ठेवण खरी आहे. समजा, बीडच्या एखाद्या डॉक्टरांना तपासायचंय की ऊसतोडणीच्या हंगामात कामगारांच्या किडनीवर किती ताण येतो. तीन वर्षांचा प्रकल्प, साठ लाख रुपये.

यातले पंचेचाळीस लाख पगारात जातात. महिना साठ हजारांचा एक प्रकल्प वैज्ञानिक: तीन वर्षांचे एकवीस लाख साठ हजार. पंचवीस हजारांचा एक तंत्रज्ञ: नऊ लाख. वीस-वीस हजारांचे दोन फील्ड वर्कर: चौदा लाख चाळीस हजार. उरलेल्या पंधरा लाखांत तपासणीचे किट सहा लाखांचे, प्रवास चार लाखांचा, सेंट्रिफ्यूज आणि छोटा फ्रीझर अडीच लाखांचा, किरकोळ खर्च एक लाख. शेवटचे दीड लाख 'ओव्हरहेड' म्हणून संस्थेला: वीज, जागा, आणि माझ्यासारख्यांनी ठेवलेल्या हिशेबासाठी.

प्रवासाला चार लाख कशाला, असं आतलेही लोक विचारतात. कामगार दसरा-दिवाळीला गाव सोडतात. ते कधी सांगली-कोल्हापूरच्या फडात असतात, कधी कर्नाटकात. एकाच माणसाचं रक्त जाण्याआधी, हंगामाच्या मध्यावर आणि परतल्यावर असं तीनदा तपासायचं, तर फील्ड वर्करला त्याच्या कोपीपर्यंत जावं लागतं. आणि जायचं ते पहाटे, तोडणीला निघायच्या आत. रक्त घेतलं की काही तासांत त्यातलं सीरम वेगळं करून थंड ठेवायचं. गाडी बंद पडली तर त्या दिवसाचे नमुने वाया. कागदावर 'प्रवास' हा एकच शब्द असतो.

## पैसे येतात कसे? घरकुलासारखे

घरकुल योजनेत सगळी रक्कम एकदम मिळत नाही. पाया झाला, फोटो गेला, की पुढचा हप्ता. संशोधनाचं तसंच. पहिल्या वर्षाचे पैसे, मग कामाचा अहवाल, खर्चाचा तपशील आणि 'यूसी', म्हणजे उपयोगिता प्रमाणपत्र. दिलेले पैसे ठरलेल्या कामावरच खर्च झाले, असं संस्था या कागदावर लिहून देते. तो मान्य झाल्याशिवाय दुसरा हप्ता हलत नाही. किटचे पैसे पगारावर आणि पगाराचे प्रवासावर असं परस्पर वळवताही येत नाही, त्यासाठी परवानगी लागते.

इथपर्यंत सगळं रास्त आहे. पैसा लोकांचा आहे, हिशेब द्यायलाच हवा. अडचण वेळेची होते. सरकारी वर्ष 31 मार्चला संपतं, आजार मात्र मार्च बघून होत नाही. आमच्या एका प्रकल्पाचा दुसरा हप्ता ऑगस्टमध्ये अपेक्षित होता, तो जानेवारीत आला. मधल्या पाच महिन्यांत फील्ड वर्करला पगार देता आला नाही. ती तरीही जात राहिली, कारण अभ्यासातल्या एखाद्या बाईची सहाव्या महिन्याची भेट चुकली की तिची आधीची सगळी माहिती निकामी होते, हे तिला समजत होतं. एसटीच्या तिकिटांचा गठ्ठा रबर लावून तिने माझ्या टेबलावर ठेवला होता. तो मी अजून विसरलेले नाही. आणि जानेवारीत आलेले पैसे मार्चच्या आत खर्च झाले नाहीत, तर 'काम झालं नाही' असा शेरा. मार्च एंडला कॉलेजात खरेदीची धावपळ दिसते ती पुष्कळदा यामुळे.

अलीकडे केंद्राने पद्धत बदलली आहे. पैसे संस्थेच्या बँकेत पडून राहू नयेत म्हणून ते खर्चाच्या वेळीच सरकारी खात्यातून सुटतात. हेतू चांगला आहे, पण वर्षअखेरीला न वापरलेली मर्यादा संपते आणि नवीन वर्षात ती पुन्हा मिळेपर्यंत थांबावं लागतं. खरेदीचे नियम मात्र थोडे सैल झाले. जून 2025 मध्ये अर्थ मंत्रालयाने केंद्राच्या वैज्ञानिक संस्थांसाठी कोटेशनशिवाय खरेदीची मर्यादा एक लाखावरून दोन लाखांवर नेली. ज्याने एका अँटिबॉडीच्या कुपीसाठी तीन कोटेशनं गोळा केलीत, त्याला याचं मोल कळेल.

## वशिला लागतो का?

प्रस्ताव आला की तो त्या विषयातल्या, पण त्या प्रकल्पाशी संबंध नसलेल्या तज्ज्ञांकडे जातो. ते गुण देतात, शंका लिहितात. मग समिती बसते, पैशांची छाननी होते, आणि मंजुरीपत्र निघतं. अर्जदाराचा सहकारी किंवा नातलग समितीत असेल तर त्याने त्या चर्चेतून उठून जायचं असा नियम आहे.

मला विचाराल तर वशिल्यापेक्षा मोठा फरक दुसऱ्याच गोष्टीने पडतो. मोठ्या शहरातल्या नामांकित संस्थेत प्रस्ताव लिहायला मदत करणारं कार्यालय असतं, संख्याशास्त्रज्ञ असतो, आधी अनुदान मिळवलेले दहा जण शेजारी बसलेले असतात. जिल्ह्याच्या कॉलेजात ओपीडी संपवून रात्री अकराला डॉक्टर एकटे अर्ज भरतात. प्रश्न त्यांच्याकडे जास्त चांगले असतात, कारण रुग्ण त्यांच्यासमोर असतात. कागद मात्र कमी पडतो.

कागद कमी पडतो म्हणजे काय, तेही सांगते. 'ग्रामीण भागातील मधुमेहाचा अभ्यास' हे शीर्षक मी डझनभर वेळा पाहिलंय आणि ते जवळजवळ नेहमी परत येतं, कारण त्यात प्रश्नच नाही. त्याच डॉक्टरांना तासभर बोलतं केलं की खरा प्रश्न बाहेर येतो: मधुमेह असलेल्यांना आशाताईंनी दर महिन्याला स्वतःचे पाय तपासायला शिकवलं, तर वर्षभरात पायाच्या जखमा कमी होतील का? हा प्रश्न पैसे मिळवण्याच्या लायकीचा आहे. काय करणार, कुणावर, किती दिवस, आणि काय मोजणार, सगळं एका वाक्यात आलं.

## कोणत्या दारावर जायचं?

आयसीएमआर ठरावीक काळाने प्रस्ताव मागवते, त्याला 'कॉल' म्हणतात. दोन कोटींपर्यंतची छोटी अनुदानं आणि दोन ते आठ कोटींपर्यंतची मधली, अशी तिची सध्याची विभागणी आहे. अर्ज ऑनलाइनच होतो. पीआय सहसा संस्थेत कायम नोकरीत असावा लागतो. सेवाभावी संस्थेला नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरची नोंदणी आणि बहुधा संशोधन संस्था म्हणून केंद्राची मान्यता दाखवावी लागते.

पेशींवर, जनुकांवर, लशींवर काम असेल तर जैवतंत्रज्ञान विभाग, डीबीटी, हे दार. तो 1986 पासून आहे. याच विभागाने 2012 मध्ये उभी केलेली बायरॅक ही कंपनी उद्योजकांसाठी आहे. एखाद्या मुलीने स्वस्तात रक्तक्षय मोजणारं यंत्र डोक्यात घोळवलं असेल, तर बायरॅकच्या 'बिग' योजनेत अठरा महिन्यांसाठी पन्नास लाखांपर्यंत मिळू शकतात. मूलभूत विज्ञानासाठी 2023 च्या कायद्याने आलेलं अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन आहे, आयुर्वेदासाठी आयुष मंत्रालयाची परिषद आहे. 2008 पासून डीबीटी आणि ब्रिटनचा वेलकम ट्रस्ट मिळून 'इंडिया अलायन्स'च्या पाठ्यवृत्त्या देतात. त्यात प्रकल्पापेक्षा माणसावर भरवसा टाकलेला असतो.

बातम्यांतल्या 'संशोधनासाठी एक लाख कोटी' या आकड्याबद्दल एक खुलासा करते, कारण अर्ज करायला आलेल्या दोघांना मला परत पाठवावं लागलं. 2025 ची ती योजना मुख्यतः खासगी उद्योगांना स्वस्त किंवा बिनव्याजी कर्ज आणि भांडवल देण्यासाठी आहे. ते अनुदान नाही.

विद्यार्थ्यांसाठी सर्वांत सुंदर दार म्हणजे आयसीएमआरची एसटीएस ही अल्पकालीन संशोधन योजना, 1979 पासून उघडं. एमबीबीएस किंवा बीडीएस करणारं मूल आपल्या शिक्षकाबरोबर दोन महिन्यांचा छोटा अभ्यास करतं, अहवाल मान्य झाला की मानधन आणि प्रमाणपत्र मिळतं. रक्कम छोटी आहे, पण 'मला पडलेला प्रश्न मी तपासू शकतो' हे विसाव्या वर्षी कळणं फार मोठं आहे. घरात मेडिकलचं मूल असेल तर त्याला याबद्दल जरूर विचारा.

खासगी दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरांना एकट्याने बहुतेक सरकारी अनुदानं मिळत नाहीत. जवळच्या मेडिकल कॉलेजबरोबर सहसंशोधक म्हणून जाणं, ही वाट आहे. अनुदान नाही म्हणून प्रश्नच सोडून द्यायचा असंही नाही. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी कोकणातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, मोठ्या प्रयोगशाळेशिवाय, विंचूदंशाच्या रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी ठेवल्या. 1982 मध्ये ती निरीक्षणं 'लॅन्सेट'मध्ये आली, आणि प्राझोसिनच्या गोळीने असे रुग्ण वाचवता येतात हे त्यांनी जगाला दाखवलं. पण प्रत्येक प्रश्न असा एका माणसाच्या वहीत मावत नाही. दहा हजार माणसांच्या घरी जायचं तर माणसं पगारावरच लागतात.

## "चांगलं खाल्लं की माणूस बरा होतो, हे आजीलाही ठाऊक होतं"

हा आक्षेप मला आवडतो, कारण त्याचं उत्तर क्षयरोगाच्याच इतिहासात आहे.

मिरज, पाचगणीची सॅनिटोरियमं जुन्या पिढीला आठवत असतील. क्षय झाला की माणसाला तिथे महिनोन् महिने ठेवायचं: मोकळी हवा, विश्रांती, सकस आहार. घरी ठेवलं तर तो बरा होणार नाही आणि घरच्यांनाही आजार देईल, हे तेव्हा आजीलाच नव्हे, डॉक्टरांनाही ठाऊक होतं. 1956 मध्ये मद्रासला आयसीएमआर, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांनी मिळून ते तपासलं. चिठ्ठ्या टाकून काही गरीब रुग्णांना सॅनिटोरियममध्ये ठेवलं, काहींना घरीच औषधं दिली. घरच्यांचा आहार निकृष्ट होता, घरं दाटीची होती. तरी ते जवळजवळ तितकेच बरे झाले, आणि त्यांच्या घरच्यांना जास्त क्षय झाला असंही दिसलं नाही. ज्या देशात रुग्ण लाखो आणि खाटा मोजक्या, तिथे या एका उत्तराने सगळं बदललं. आज क्षयाच्या गोळ्या घरी घेता येतात त्यामागे तो अभ्यास आहे.

म्हणजे आजीचं म्हणणं चुकलं? अर्धं चुकलं. नेमकं कोणतं अर्धं, हे कळायला पुन्हा साठ वर्षं लागली. मद्रासने विचारलं होतं: औषध चालू असताना आहार कमी पडला तर रोग बरा होतो का? झारखंडने विचारलं: ज्याला अजून रोग झालेलाच नाही, त्याला आहाराने वाचवता येतं का? आणि जे रुग्ण अतिशय रोडावलेले आहेत, त्यांचं काय? तिथेही महत्त्वाचं सापडलं. उपचाराच्या पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन पाच टक्क्यांनी वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा धोका सुमारे 61 टक्के कमी दिसला. पंचेचाळीस किलोच्या माणसाचं वजन सव्वादोन किलो वाढणं, एवढीच ती गोष्ट. वजनकाटा प्रत्येक आरोग्य केंद्रात असतो.

'ठाऊक आहे' आणि 'किती, कुणाला, केव्हा हे माहीत आहे' यांत हेच अंतर असतं, आणि अर्थखात्याला दुसरं लागतं. निक्षय पोषण योजनेत रुग्णाला महिन्याला 500 रुपये मिळायचे, 1 नोव्हेंबर 2024 पासून ते 1,000 झाले. त्या निर्णयामागे एकटा हाच अभ्यास होता असं मी म्हणणार नाही. पण हजार रुपये का, याचं उत्तर आता आकड्यांत देता येतं.

## "म्हणजे आमच्यावर प्रयोग करणार!"

गावात फील्ड वर्कर गेली की हे ऐकावंच लागतं, आणि ही भीती मला पूर्ण समजते. गरिबांना न सांगता त्यांच्यावर औषधं तपासल्याचे प्रसंग जगभर घडले आहेत. म्हणूनच आता कॉलेजच्या एथिक्स कमिटीच्या मंजुरीशिवाय माणसांवरचा कुठलाही अभ्यास सुरू करता येत नाही. या समितीत सगळे डॉक्टर नसतात. एक कायदा जाणणारा आणि एक साधा नागरिकही बसतो, आणि सर्वांत चांगले प्रश्न बहुधा तोच विचारतो. औषधांच्या चाचण्यांची नोंद 'सीटीआरआय' या सरकारी नोंदवहीत पहिला रुग्ण घेण्याआधी करावी लागते, 2009 पासून ते सक्तीचं आहे. ही नोंदवही इंटरनेटवर कुणालाही फुकट पाहता येते. पैसे कुणी दिले, किती माणसं घेणार, काय मोजणार, हे तिथे लिहिलेलं असतं. व्हॉट्सॲपवर एखादा काढा 'सिद्ध झाला' म्हणून आला, तर त्या काढ्याचं नाव तिथे घालून बघा.

एका बाबतीत मात्र आम्ही सगळेच कमी पडतो. अभ्यास संपतो, अहवाल दिल्लीला जातो, इंग्रजीत लेख छापून येतो, आणि ज्या वाडीतल्या बायकांनी तीनदा दंड पुढे केला त्यांना काय सापडलं हे सांगायला कुणी परत जात नाही. त्यासाठी बजेटमध्ये एक ओळ असावी, असं मी आता प्रत्येक पीआयला सुचवते: एक दिवसाची गाडी, छापलेलं एक मराठी पान, चहा. पाच-सात हजार रुपयांची ओळ. समितीने ती कापल्याचं मी अजून पाहिलेलं नाही.

उद्या तुमच्याकडेच कुणी अशा अभ्यासासाठी आलं, तर संमतीपत्र मराठीत मागा. वाचता येत नसेल तर साक्षीदारासमोर ते वाचून दाखवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. नाही म्हटलं तरी, किंवा मधेच सोडलं तरी, तुमचे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. एक प्रत तुमच्याकडे राहते. तिच्यावर, बहुधा शेवटच्या पानावर, एथिक्स कमिटीच्या सचिवांचा फोन नंबर असतो. सही करण्याआधी तो लावून बघा.